उपासाची कोळंबी

"कोळंबीला रक्त असतं का हो?" उन्हाळ्यात आमच्या खानावळीत रोज कुणीतरी हे विचारतं, आणि उत्तर द्यायला माझा नवरा झिकोस हातातलं काम टाकून धावतो. अथेन्सहून मोटारीनं आलेली माणसं खाडीकडे तोंड करून बसतात आणि त्यांना सगळंच जाणून घ्यायचं असतं. मासा ताजा आहे हे कसं ओळखायचं? कोळंबीचं डोकं काळं पडलं म्हणजे ती सडली का? पाठीतला काळा दोरा काढायचा की तसाच खायचा? उकळत्या पाण्यात टाकलं की तिला दुखतं का? झिकोस पंचा खांद्यावर टाकून टेबलाला टेकतो आणि सुरू होतो. माशाचे डोळे बघा, कल्ले उचलून बघा, पोटावर बोट दाबा, खड्डा राहिला तर पुढच्या दुकानात जा. कोळंबीचं काळीज डोक्यापाशी असतं. तो दोरा म्हणजे तिचं आतडं, काढून टाका. डोकं नुसत्या हवेनंही काळं पडतं, आधी वास घ्या. दुखतं की नाही ते तिलाच ठाऊक, पण मी आपली तिला आधी बर्फात घालतो. इकडे माझ्या चुलीवर भांडी करपत असतात. मी आतून ओरडते, "अहो मास्तर, सुटली का शाळा?"

पण एक सांगते, या बाबतीत तो कधी खोटं बोलला नाही. शिळी बोय ताजी म्हणून कुणाच्या ताटात सारली नाही. गावात माशावरून दोघांची जुंपली की तिसरा म्हणतो, जा, झिकोसला विचारा. मला त्याचा राग येतो तसा अभिमानही होता. होता म्हणते आहे.

उपासाच्या दिवसांत प्रश्न गावातलेच असतात. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास आमच्याकडे अजून पाळतात. ज्याच्या अंगात रक्त आहे त्याचं काही खायचं नाही. मटण बंद, अंडी बंद, चीज बंद, मासा बंद. कोळंबी चालते, माकूल चालतं, तिसऱ्या चालतात, कारण त्यांना रक्त नाही. गाभोळी माशाच्या पोटातली असूनही चालते. का चालते ते मला विचारू नका. आमच्या पाद्रींना, पापा-लुकासना, एकदा विचारलं तर त्यांनी नुसती दाढी खाजवली. माझी थोरली लेक यानिना शहरात कॉलेजात शिकते, ती सुट्टीत आली की मुद्दाम बापाला चिडवते. "बाबा, कोळंबीला रक्त असतं. लाल नसतं, एवढंच." झिकोस म्हणतो, "जे दिसत नाही ते देवाला कशाला सांगायचं?" आम्ही सगळे हसायचो. माझं नाव स्टामाता, म्हणजे 'थांबा आता'. चार मुलींच्या पाठीवर झाले म्हणून आईबापांनी ठेवलं. त्याचाही काही उपयोग झाला नाही, माझ्यामागून आणखी एक आलीच.

या वर्षी मोठ्या उपासाच्या चौथ्या रविवारी माझ्या सासूबाईंचं वर्ष आलं. चर्चमध्ये प्रार्थना, साखर घातलेले उकडलेले गहू वाटायचे, आणि मग सगळ्या गावाला जेवण. उपासात आलेलं वर्ष, म्हणजे कोळंबीभात, दुसरं काय करणार! सासूबाईंच्या हातचा कोळंबीभात आर्ता शहरापर्यंत नावाजलेला. झिकोसनं महिनाभर आधीपासून डोकं खाल्लं होतं. "स्टामाता, आईच्या वर्षाला भात असा झाला पाहिजे की लोकांनी बोटं चाटली पाहिजेत."

"होईल रे," मी म्हणायचे. "आधी कोळंबी तर मिळू दे."

तीच मिळेना. आठवडाभर दक्षिणेचा वारा सुटला होता. खाडीचं पाणी ढवळून कॉफीसारखं झालं आणि होड्या रिकाम्या परतायला लागल्या. शनिवारी संध्याकाळी झिकोसनं कशीबशी टोपलीभर कोळंबी आणली. तीही बारीक. ताटात दिसेल एवढी होती, पण भाताला चव आणतं ते डोक्यांचं उकळलेलं पाणी. एवढ्याशा डोक्यांत ते कुठून उतरणार? त्यानं पातेल्यात चमचा घालून चाखलं आणि खुर्चीत बसून राहिला.

"आईच्या नावानं हे पांढरं पाणी वाढू?"

"कांदा जास्त घालू, बडीशेप घालू," मी म्हटलं. "लोक जेवायला येतात ते तुझ्या आईसाठी. तुझ्या पातेल्यात डोकवायला येत नाहीत."

मी झोपायला गेले. सकाळी उठले तर पातेल्यातून असा दरवळ सुटला होता की मला वाटलं सासूबाईच येऊन उभ्या राहिल्या. "काय केलंस रे?" मी विचारलं. "उकळलं, आणखी काय," तो म्हणाला आणि कोट घालून चर्चला निघाला. मी खूश. मी पुढचं विचारलंच नाही.

आता एवान्थियामावशीचं सांगायला हवं, कारण जे काही गेलं ते तिचं गेलं.

एवान्थियामावशी आमच्या शेजारची, सासूबाईंची बालमैत्रीण. नवरा वामा, ते सापासारखे लांब मासे, धरायचा. खाडीच्या तोंडाशी त्याचे सापळे असत. तो धरायचा, ती सोलायची. तो गेला, मुलगा मालवाहू जहाजावर लागला, आणि घरात राहिल्या सासू-सून. सुनेचं नाव रोदुला. शहरातली पोर, नखं रंगवणारी, तोंडानं फटकळ, पण मनानं सोनं. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा काही राहिलं नाही. या वेळी सातवा लागला होता. मावशीनं मरियामातेला नवस केला. मोठा उपास पुरा पाळीन, उपासात ज्या दोन सणांना मासा चालतो तेव्हाही माशाला शिवणार नाही, रक्ताचा कण पोटात जाऊ देणार नाही, आणि पवित्र गुरुवारी प्रसाद घेईन, तो या बाळासाठी. सगळ्या गावाला माहीत होतं. लोक तिच्याकडे जाताना आपल्या शेगडीवर काय आहे ते आधी बघत, उगाच वास नको म्हणून.

आणि रोदुला? मला वाटलं होतं ती हसत असेल. एकदा दोरीवर कपडे वाळत घालताना मी तिला छेडलं, "काय गं, सासू उपाशी आणि तू दोन दोन पोळ्या?" ती हसली नाही. म्हणाली, "काकू, पूर्वी मी हसायचे या असल्या गोष्टींना. पण आई धरून आहेत ना, म्हणून मला रात्री झोप लागते." आणि चिमटे तोंडात धरून चादर झटकायला लागली.

तर त्या रविवारी प्रार्थना झाली, गहू वाटले, आणि सगळं गाव आमच्या अंगणात आलं. आमच्याकडे अशा जेवणाची एक रीत आहे. पहिला घास घेताना 'देव तिला माफ करो' म्हणायचं आणि ताट स्वच्छ करायचं. ताटात टाकलं तर गेलेल्या माणसाला तुम्ही माफ केलं नाही असा अर्थ होतो. म्हणून लहान पोरांनासुद्धा आम्ही बेतानं वाढतो. मधल्या टेबलाला पापा-लुकास, त्यांच्या बाजूला मावशी आणि रोदुला. मी आणि झिकोस वाढत होतो. पापा-लुकासनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! बाई परत आली रे, झिकोस!" झिकोसची छाती फुगली.

मी आणखी ताटं आणायला मागच्या दाराशी गेले. तिथं मांजरांची मारामारी चालली होती. झिकोसनं कचऱ्याची बादली झाकलीच नव्हती. पिवळा बोका काहीतरी ओढत टाकीच्या मागं पळाला. मी पाय आपटला तशी त्यानं ते टाकलं. बघते तर वामेचं डोकं! दात विचकलेलं, उकडून पांढरं पडलेलं. बादलीत आणखी डोकी, कातडी, काटे. आपल्या पेटीतल्या, पाण्यात जिवंत ठेवलेल्या, बाजारासाठीच्या वामा. उकळून, दोनदा गाळून, त्यांचं पाणी त्यानं भातात घातलं होतं.

हातातली ताटं तशीच घेऊन मी अंगणात धावले. धावले म्हणजे काय, दारापर्यंत पोचले, आणि तिथंच थांबले, कारण मावशीनं पहिला घास घेतला होता. तिचा चमचा ताटावर हवेत राहिला होता. ती चावत नव्हती. मग तिनं गिळलं, वर बघितलं आणि झिकोसला हाक मारली. आवाज अगदी साधा.

"झिकोस बाळा, या भातात काय घातलंस रे?"

सगळं टेबल त्याच्याकडे बघायला लागलं. अशा वेळी खुलतो ना तो! पंचा खांद्यावर टाकला, हसला.

"कोळंबीची डोकी, मावशी. आणखी काय घालणार?"

मावशीनं मग माझ्याकडे बघितलं. मी दारात, हातात ताटांची चळत. अंगणभर माणसं, माझ्या सासूचं वर्ष, नवऱ्याचं तोंड आनंदानं फुललेलं. मी खाली ताटांकडे बघितलं. तेवढंच केलं मी. काही बोलले नाही, म्हणजे खोटंही बोलले नाही, असं पुढं मी मला बरेच दिवस समजावलं.

"देव तिला माफ करो," मावशी म्हणाली, आणि सगळं ताट खाल्लं. शेवटी पावाच्या तुकड्यानं पुसून घेतलं. जाताना माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "दमलीस गं पोरी." पापा-लुकासनी दोन ताटं जेवली.

संध्याकाळी माणसं पांगली तशी मी झिकोसला मोरीपाशी गाठलं.

"वाम घातलीस?"

त्यानं नळ मोठा केला. "कसली वाम? डोक्यांचं पाणी. गाळलेलं. कुणाच्या ताटात एक काटा गेला का, सांग."

"मासा तो मासाच ना!"

"मासा म्हणजे जो चावता येतो तो. पाण्याला कसलं आलंय रक्त?"

"मला शिकवू नकोस! तुझं हे शहाणपण अथेन्सवाल्यांना सांग. त्या बाईचा नवस आहे, झिकोस. तिनं तुला तोंडावर विचारलं. तुला! आयुष्यभर सगळ्यांना खरं सांगत आलास आणि नेमकं तिला..."

"मग काय सांगायचं होतं? आईच्या वर्षाला, पाद्रीसमोर, गावासमोर? तोंडातला घास थुंका म्हणून?" त्याचे कान लाल झाले होते. "तिला माहीत नाही ना. माहीत नसताना खाल्लं तर नवस मोडत नाही. विचार कुणालाही."

"कुणाला विचारू? तूच ना गावाचा मास्तर?"

मला वाटलं आता भांडेल, तर नळ बंद करून बाहेर गेला आणि होडीपाशी जाऊन बसला. त्यालाही लाज वाटत होती हो. पण लाज वाटलेला पुरुष बोलत नाही, आणि त्याचा मला जास्त राग येतो. पुढचे दिवस आमच्या घरात मुक्यांचं राज्य होतं. मी ताट आपटायचे, तो मान खाली घालून जेवायचा. एकदा म्हणाला, "मी जाऊन सांगू का तिला?" मी म्हटलं, "आणि काय सांगशील? नवस मोडला, ईस्टरच्या शुभेच्छा?" तो परत बसला. खरं तर तेव्हा मी त्याला जाऊ द्यायला हवं होतं. पण तो गेला असता तर माझंही उघड झालं असतं, मी दारात कशी उभी होते ते.

मावशीला मी टाळायला लागले. तिच्या दारावरून जायचं टळावं म्हणून पावाच्या दुकानाला वळसा घालून जायचे. तर तीच आली एकदा, टोपलीत लिंबं घेऊन. "झाड लगडलंय बाई, कुजून चाललीत." चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. मी विचारलं, "मावशी, जेवतेस ना नीट?" "जेवते की. पाव, ऑलिव्ह. बाकी नको वाटतं." मला वाटलं म्हातारी जास्तच कडक धरते आहे, बाळासाठी. मी त्या लिंबांना हात लावला नाही. खिडकीत ठेवली तशी राहिली.

पवित्र गुरुवार उजाडला. त्या दिवशी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये, घरी ईस्टरची अंडी लाल रंगात उकळायला ठेवून. बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या. पापा-लुकास वाइनमध्ये भिजवलेल्या पावाचा तो प्रसाद प्याला हातात धरून चमच्यानं एकेकाला देतात, नाव घेऊन. त्यासाठी मध्यरात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नसतो. पायऱ्यांवर मावशी आणि रोदुला भेटल्या. मावशी सुनेला सांगत होती, "अगं, डोकं फिरलं माझं. पहाटे रक्तदाबाची गोळी घेतली, त्याबरोबर पावाचा तुकडाही खाल्ला. सवयीनं. आता आज काही मला प्रसाद घेता येणार नाही. रविवारी घेईन, ईस्टरला. मरियामातेला तीन दिवसांनी काय फरक पडतो?"

"खरंच चालेल ना, आई?" रोदुला म्हणाली. तिचा हात पोटावर.

"चालतं गं. पापा-लुकासना विचारलंय मी." आणि तिनं सुनेला रांगेकडे ढकललं.

रोदुला हसली. पटलं तिला. मला मात्र पटलं नाही. ज्या बाईनं इतके दिवस एक एक दाणा पारखून खाल्ला, ती आजच विसरेल? माझ्या मनात आलं, हिला कुणीतरी सांगितलं. मांजरांनी ओढलेली डोकी कुणीतरी बघितली असतील. आणि आता ही स्वतःला पापी समजून बाजूला उभी राहते आहे, जिचा काही दोष नाही. तरी मी रांगेत उभी राहिले. नाही राहिले तर लोक विचारतील म्हणून! समोर पुरुषांच्या रांगेत झिकोसही होता, मान खाली घातलेला, तोही त्याच कारणासाठी.

मावशी भिंतीपाशी तिच्या लाकडी बैठकीपाशी उभी होती, मेणबत्ती हातात. रांग पुढे सरकत होती. माझ्या मागे कुला उभी होती. कुला म्हणजे गावची जीभ. ती पुढे वाकली आणि दुसरीच्या कानात बोलल्यासारखं करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोळी म्हणे! पोटात पाप असलं की बरोबर गोळी आठवते. सुनेला मनातून शिव्या घालत असणार. दोनदा गेलं ते काय उगाच?"

मला काही दिसेना झालं. मी वळले. देवाच्या घरात मी वळले आणि ओरडले.

"तोंड सांभाळ, कुला! तिचं काही पाप नाही! पाप आमचं आहे! सासूबाईंच्या वर्षाला भातात वाम होती! झिकोसनं घातली, वामेची डोकी उकळून, आणि मला माहीत होतं! तिला काय माहीत बिचारीला? तुम्हाला कुणालाच माहीत नव्हतं!"

स्तोत्रं गाणारा गायचा थांबला.

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग रांगेतल्या पहिल्या बाईनं प्रसाद सांडू नये म्हणून हनुवटीखाली धरलेलं लाल फडकं सोडलं आणि एक पाऊल मागं सरकली. तिच्यामागची सरकली. पुरुषांतही कुजबुज सुरू झाली, त्यांनीही खाल्लं होतं, सगळ्यांनीच खाल्लं होतं, कुणी दोनदा मागून घेतलं होतं. बघता बघता रांग विस्कटली. आईच्या कडेवरची दोन तान्ही पोरं सोडली तर पाद्रींसमोर कुणी उरलं नाही. पापा-लुकास हातात प्याला घेऊन उभे. आणि त्यांचा स्वतःचा चेहरा! त्यांनी तर सगळ्यांच्या आधी प्रसाद घेतला होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हसू फुटलं असतं.

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "झिकोस, खरं आहे का रे?"

झिकोसनं हो म्हणून मान हलवली. अख्खं गाव ज्याला विचारायचं तो माणूस खांबाला धरून उभा राहिला. मला तेव्हा वाटलं, बरं झालं. एकदाचं झालं. छातीवरचा धोंडा उतरला. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी हलकं वाटलं.

पापा-लुकासनी घसा साफ केला. "ऐका. ज्यानं न कळता खाल्लं त्याच्यावर पाप नाही. पुढं या, सगळे या. ज्याला ठाऊक होतं त्यानं बाजूला राहावं, त्याचं माझं नंतर बोलणं होईल." आणि जरा थांबून, "आणि देवाच्या घरात आवाज चढवू नये," असं माझ्याकडे न बघता म्हणाले.

लोकांनी सुस्कारा टाकला. रांग पुन्हा लागली. झिकोस उजवीकडे बाजूला झाला, मी डावीकडे. मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं आता ती येईल. तिची वाट मी मोकळी करून दिली होती ना! रोदुलाही रांगेतून तिच्याकडे वळली, चेहरा उजळलेला. "आई, ऐकलंत ना? तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणजे नवस मोडलाच नाही. गोळीचं पापा-लुकास सांभाळून घेतील. या ना, माझ्याबरोबर घ्या."

मावशी जागची हलली नाही.

"आई?"

मावशी मेणबत्तीकडे बघत होती. मेण तिच्या बोटांवर सांडत होतं, तिला त्याचं भान नव्हतं. रोदुला बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड कमी कमी होत गेला. मग तिला कळलं. माझ्या आधी तिला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "खाताना माहीत होतं."

रोदुलानं दोन्ही हात पोटावर धरले, रांगेतून बाहेर पडली आणि चालत, अगदी सावकाश, पाय जपून टाकत दाराबाहेर गेली. पापा-लुकासनी तिचं नाव घेतलं होतं. चमचा तसाच राहिला.

मी मावशीपाशी गेले. "मावशी, खरंच? कळलं होतं तुला?"

"जन्म गेला माझा वामा सोलण्यात," ती हळू म्हणाली. "पहिल्या घासाला कळणार नाही?"

"मग उठली का नाहीस? थुंकायचं होतंस! माझ्या तोंडावर फेकायचं होतंस ताट!"

"तुझ्या सासूचं वर्ष होतं ते. तिच्या अंगणात, तिच्या पोराला खोटारडा म्हणून उठू? ताट टाकू तिचं?" तिनं मेणबत्ती विझवली. "मी विचारलं ना त्याला. मग तुझ्याकडे बघितलं. तू 'मावशी, जरा आत ये' एवढं म्हणाली असतीस तरी मी आले असते."

मागे लोक एकेक करून प्रसाद घेत होते, पापा-लुकास नावं घेत होते.

"एक घास गिळल्यावर मोडायचं ते मोडलंच होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझं मोडलं ते मरियामातेचं आणि माझं. पोरीला कळायला नको. पापा-लुकासना खरं सांगितलं होतं मी, कुणाच्या घरी खाल्लं ते सोडून. पोरीला गोळीचं सांगितलं, तिनं मानलं. कुलाचं काय, दोन दिवस बोलली असती आणि दुसरं कुणी मिळालं असतं तिला. मी सोसलं असतं गं. तुला कुणी सांगितलं होतं माझी बाजू घ्यायला?"

"मला सहन होईना, मावशी."

तिनं डोक्यावरचा काळा रुमाल नीट केला आणि माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं.

"तुला," ती म्हणाली. "तुला सहन होईना."

आणि ती सुनेच्या मागं बाहेर गेली.